पहिल्याच घासाला भरणारं पोट

दिवस कलला की हसनाबादच्या घराघरांत एकच लगबग सुरू होते. खजूर धुऊन ताटलीत, टरबुजाच्या फोडी परातीत, कढईत कांद्याची भजी, सरबतात बर्फ. मगरीबची अजान झाली की दिवसभराचा रोजा खजुराने सुटतो आणि पहिल्या घोटाबरोबर सगळ्यांच्या चेहऱ्यावर जीव येतो. अशाच एखाद्या दस्तरखानाच्या कोपऱ्यात सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी बसलेली असते. ती अर्धा खजूर खाते, दोन घोट पाणी पिते आणि ताटली पुढे सारते. "पोट भरलं." दादी म्हणते, "थोडा और ले ना बेटा." मुलगी पोटावर हात ठेवते. पोट फुगलंय, वर काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय, घास उतरत नाही. आई ओवा-काळं मीठ देते. भाऊ मेडिकलवरून आम्लपित्ताची कॅप्सूल आणतो. रमजान आहे, तेलकट खाणं, वेळी-अवेळी झोप, पोट बिघडणारच, असं म्हणून घर गप्प बसतं.

मुलगी खोटं बोलत नसते. तिचं पोट खरोखरच अर्ध्या खजुराने भरलेलं असतं. पण ते असं का झालं, हे तिला माहीत नसतं आणि घरालाही नसतं. गेले सहा-आठ महिने ती एक पोळी, मग अर्धी, मग नुसता चहा अशी उतरत आलेली असते. पाळी चुकलेली असते. उन्हाळ्यातही तिला थंडी वाजते, केस विंचरताना हातात येतात. हे सगळं वेगवेगळं दिसतं म्हणून कुणी एकत्र जोडत नाही. पोटाचं दुखणं तेवढं दिसतं, कारण ती तेच सांगते.

हे चित्र एकाच मोहल्ल्यातलं नाही. भोकरदन तालुक्यात राजूरच्या गणपतीला चतुर्थीची पायी वारी करणारी घरं आहेत, नवरात्राचे नऊ दिवस फक्त पाण्यावर काढणाऱ्या बायका आहेत, एकादशी आणि श्रावण पाळणारे आहेत, जालन्याच्या जैन घरांत पर्युषणाचे उपवास आहेत. उपवासाला मान आहे आणि असायलाच हवा. पण ज्याला अन्नाचीच भीती बसली आहे, त्याला या मानाच्या आड महिनोन्‌महिने लपता येतं. "किती नेमाने धरते" असं कौतुक कानावर पडत राहतं आणि आजार आत वाढत राहतो.

या आजारांना वैद्यकात एकत्रित नाव आहे, खाण्याचे विकार. त्यात ॲनोरेक्सिया म्हणजे खाणं कमी करत करत शरीर धोक्याच्या पातळीपर्यंत वाळवणं. बुलिमिया म्हणजे भराभर पुष्कळ खाऊन मग उलटी, जुलाब किंवा उपास करून ते फेडणं. आणि फेड न करता, ताबा सुटून खात सुटणं हाही त्यातलाच एक प्रकार. हे शहरातल्या श्रीमंत पोरींचं, मॉडेल होऊ पाहणाऱ्यांचं खूळ आहे असा पक्का समज आहे. त्या समजाचं मूळ पाश्चात्त्य वर्णनांत आहे. तिथे रुग्ण म्हणते, "मला जाड व्हायचं नाही." आपल्याकडची मुलगी असं म्हणत नाही, म्हणून डॉक्टरलाही शंका येत नाही.

हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये ॲनोरेक्सियाच्या ७० चिनी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ४१ जणांनी जाड होण्याची भीती सांगितलीच नाही. न खाण्याचं कारण म्हणून सगळ्यात जास्त जणांनी सांगितलं ते पोटाचं फुगणं. त्याखालोखाल भूकच नसणं. त्याच सुमारास, १९९५ मध्ये, दिल्लीच्या डॉक्टरांनी पाच भारतीय मुलींची हकिकत मांडली. त्या खायला नकार देत होत्या, वजन उतरलं होतं, पाळी थांबली होती. पण आरशात स्वतःला जाड पाहणं वगैरे पाठ्यपुस्तकी खुणा त्यांच्यात नव्हत्या. म्हणजे आपल्या भागात हा आजार पोटाच्या भाषेत बोलतो. ती भाषा ऐकून नुसतं पोटाचं औषध दिलं, तर वर्ष-दोन वर्षं सहज निघून जातात.

पोटात नेमकं काय होतं? जठर ही एक पिशवी आहे आणि तिची भिंत स्नायूंची आहे. घास आत गेला की ती पिशवी सैल होते, मग घुसळते, मग थोडं थोडं अन्न खाली आतड्यात सोडते. शरीराला बरेच दिवस पुरेसं अन्न मिळालं नाही की ते सगळीकडे काटकसर सुरू करतं. नाडी मंदावते, अंगाची ऊब कमी होते, पाळी बंद होते आणि जठराची घुसळणही सुस्त पडते. सकाळचा चहा-बिस्किट दुपारपर्यंत वरच राहतं. त्यावर दुसरा घास गेला की मळमळ, करपट ढेकर, फुगारा. खाली मोठं आतडंही तसंच संथ होतं. चार-चार दिवस शौचाला होत नाही, कारण पुढे ढकलायला फारसं काही नसतंच आणि ढकलणारा जोरही नसतो. मुलगी पोटावर हात फिरवते, ते फुगलेलं लागतं, आणि तिला वाटतं आपण जास्त खाल्लं. उद्या आणखी कमी खायचं, असं ती ठरवते. उद्या जठर आणखी सुस्त होतं.

रमजानमध्ये हे चक्र एका वेगळ्याच वळणावर येतं. दिवसभर काही खायचं नाही, म्हणून दिवसभर पोट फुगत नाही. तिला पहिल्यांदा हलकं वाटतं. रोजा तिला औषधासारखा वाटू लागतो. मग सहेरी बुडवली जाते, ईद झाली तरी नफिल म्हणजे ऐच्छिक रोजे सुरू राहतात. उपवासाने कुणाला हा आजार होतो असं म्हणणं चुकीचं ठरेल. निरोगी माणूस महिनाभर रोजे धरतो आणि ईदला मनसोक्त शीरखुर्मा खातो. दोघांतला फरक संध्याकाळी दिसतो. रोजेदार अजानची वाट पाहतो. या मुलीला अजान जवळ येऊ लागली की घाम फुटतो.

उपासमारीचा मनावर आणि पोटावर काय परिणाम होतो, हे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नोंदवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवक निवडले आणि त्यांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चौथाईने उतरलं. यातल्या कुणालाही खाण्याचा विकार नव्हता. तरी ते अन्नाशिवाय दुसरं बोलेनात. पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, एकेक घास तासभर चघळू लागले, ताट चाटू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पुन्हा अन्न मिळू लागलं तेव्हा काहींना कितीही खाल्लं तरी समाधान होईना. एकाने तर इतकं खाल्लं की दवाखान्यात नेऊन जठर रिकामं करावं लागलं. ज्या विचित्र सवयींना घरचे लोक "नखरे" म्हणतात, त्यातल्या बऱ्याच भुकेने आपोआप येतात, हे या प्रयोगाने दाखवलं.

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना भूक नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून मिळालेली सुकडी आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी खाल्लेली पिढी अजून घराघरांत आहे. भरल्या ताटावरून उठणारी नात तिला समजत नाही, रागही येतो. तो राग समजण्यासारखा आहे. पण तेव्हा अन्न नव्हतं आणि आता अन्नाची भीती आहे. शरीराची झीज मात्र दोन्हीकडे सारखीच होते.

आता घरगुती उपायांकडे. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. बद्धकोष्ठता आहे म्हणून सोनामुखीचं चूर्ण किंवा जुलाबाच्या गोळ्या दिल्या जातात. काही जणी त्या लपून, वजन उतरावं म्हणून घेतात. अन्नातलं सत्त्व लहान आतड्यात शोषलं जातं आणि या गोळ्या प्रामुख्याने मोठ्या आतड्यावर काम करतात. म्हणजे खाल्लेलं अंगी लागून गेलेलंच असतं. बाहेर पडतं ते पाणी आणि पोटॅशियमसारखे क्षार. वजनकाट्यावर किलो कमी दिसतो तो पाण्याचा. पोटॅशियम फार घसरलं तर हृदयाचा ठोका चुकतो, आणि या आजारात अचानक मृत्यू येतो तो बहुधा असाच. रोज घेतलेल्या गोळ्या एकदम बंद केल्या की काही दिवस पायावर-चेहऱ्यावर सूज येते. तिला वाटतं आपण जाड झालो आणि ती पुन्हा गोळ्यांकडे वळते. म्हणून त्या डॉक्टरांच्या नजरेखालीच सोडवाव्यात, आणि ही सूज काही आठवड्यांत आपोआप उतरते हे तिला आधीच सांगून ठेवावं.

इसबगोल बिनधोक वाटतं. पण संथ पडलेल्या आतड्यात कोंडा, इसबगोल, काकडी-गाजराचा ढीग ओतला तर फुगारा वाढतो. "पोट साफ होत नाही, सॅलड खा" हा सल्ला इतरांना चांगला आहे, या रुग्णाला सुरुवातीला नाही. आम्लपित्ताच्या कॅप्सूलचंही तसंच. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन हे मळमळीचं औषध मिसळलेलं असतं. पोटॅशियम कमी असलेल्या माणसाच्या हृदयाला ते धोक्याचं ठरू शकतं. ते द्यायचं की नाही, हे रक्ततपासणी आणि ईसीजी पाहून डॉक्टरच ठरवू शकतात.

उलटी करणाऱ्यांच्या खुणा वेगळ्या असतात. जेवणानंतर लगेच मोरीत जाणं, नळ सोडून ठेवणं, कानाखालच्या लाळग्रंथी सुजल्याने गाल भरल्यासारखे दिसणं, दातांचं वरचं कवच झिजून थंड-गरम झोंबणं, छातीत जळजळ, बोटांच्या सांध्यांवर दात लागून पडलेले घट्टे. उलटीनंतर लगेच दात घासले तर आम्लाने मऊ झालेलं कवच आणखी घासलं जातं. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. उलटीत रक्त आलं, छातीत असह्य कळ आली, चक्कर येऊन पडली, किंवा भरपूर खाल्ल्यावर पोट दगडासारखं ताठरलं, तर सकाळची वाट पाहायची नाही.

मग या पोटाला औषध काय? उत्तर साधं आहे आणि म्हणूनच पटत नाही. ठरल्या वेळी, थोडं थोडं, रोज खाणं. जठराची सुस्ती न खाण्याने आली आहे, ती खाण्यानेच जाते. नियमित आहार सुरू झाल्यावर बहुतेकांचं आतडं तीन-चार आठवड्यांत आणि जठर महिना-दीड महिन्यात पुन्हा चालू लागतं. पण ते पहिले काही आठवडे जास्त दुखतं. इथे बहुतेक घरं हार मानतात, कारण "खाल्लं की त्रास होतो" हे डोळ्यांनी दिसत असतं. प्लॅस्टर काढल्यावर हात हलवताना दुखतं, म्हणून कुणी हात पुन्हा बांधून ठेवत नाही.

थोडं थोडं म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा, दर तीन तासांनी. मोठ्या ताटाऐवजी वाटी. जठराला कमी घुसळावं लागेल असं मऊ आणि पातळ आधी: मुगाची आसट खिचडी, तूप घातलेलं वरण-भात, ज्वारीच्या कण्या दुधात, दही, केळं, उकडलेला बटाटा, शेवयांची खीर. प्रेषित मुहम्मद यांच्या काळात आजारी आणि दुःखी माणसाला सातूच्या पिठाची पातळ पेज, तलबीना, दिली जाई. हजरत आयशा यांनी ती आजाऱ्याच्या मनाला आराम देते असं सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे. अशी पेज सुरुवातीला उत्तम. पाणी जेवणाच्या आधी ढोसून पोट भरायचं नाही. सोड्याच्या बाटल्या, शुगरफ्री च्युइंगम आणि दिवसभर चहा, हे फुगारा वाढवतात. जेवल्यावर पोटावर गरम पाण्याची पिशवी, सैल कपडे, अर्धा-पाऊण तास कुणीतरी सोबत बसून गप्पा. त्या वेळेत मोबाइलवरचा एखादा विनोदी कार्यक्रमही चालेल. या आजारात जेवणानंतरचा तास हा सगळ्यात कठीण तास असतो.

मात्र जिचं वजन फार उतरलं आहे, जिने बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही, तिला घरी एकदम भरपूर खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं. उपाशी शरीराला अचानक साखर-पिष्ट मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने पेशींत खेचलं जातं आणि हृदय, श्वास कोलमडू शकतो. १९४५ मध्ये बेल्सनच्या नाझी छळछावणीतून सुटलेल्या अर्धमेल्या कैद्यांना काय भरवायचं हा प्रश्न आला, तेव्हा ब्रिटिशांनी बंगालच्या दुष्काळात वापरलेलं पातळ गोड मिश्रण तिथे नेलं. अनेकांना ते इतकं गोड लागलं की घशाखाली उतरेना. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १० फेब्रुवारी १९४३ ला गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. मध्ये पाणीही पिववेना, तेव्हा त्यात मोसंबीचा थोडा रस मिसळावा लागला, आणि ३ मार्चला उपवास सुटला तो संत्र्याच्या रसावर. मोसंबी पिकवणाऱ्या जालना जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको की लांब उपवास रसाच्या घोटाने सोडतात, पुरणपोळीने नाही. पण या रुग्णासाठी नुसता रसही पुरेसा शहाणपणा नव्हे. अशा वेळी रुग्णालयात दाखल करून, रोज रक्त तपासत, जीवनसत्त्व देत आहार वाढवावा लागतो.

आणखी एक. वजन उतरलं, भूक गेली, पोट दुखतं, म्हणजे खाण्याचाच विकार असं घरीच ठरवून मोकळं होऊ नये. पोटाचा क्षयरोग आपल्या भागात आहे. थायरॉइड, लहान वयातला मधुमेह, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलियाक आजार, ही सगळी अशीच सुरुवात करतात. त्या तपासण्या आधी व्हाव्यात. त्या सगळ्या चांगल्या आल्या म्हणून "काही नाही, मनाचं आहे" असं म्हणून घरी पाठवणं ही मात्र अर्धी तपासणी झाली.

राहिला रोजाचा प्रश्न, आणि या घरांत तोच सगळ्यात जड असतो. कुरआनच्या सूरह बकरामध्ये, आयत १८४ आणि १८५ मध्ये, रोजे सांगितले आहेत त्याच ठिकाणी आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट दिली आहे, आणि अल्लाहला तुमची सोय हवी आहे, अडचण नको, असा खुलासाही तिथेच आहे. बरं झाल्यावर ते दिवस भरून काढता येतात, त्याला कजा म्हणतात. बरं होण्याची आशाच नसेल तर दर दिवसामागे एका गरिबाला जेवू घालायचं, तो फिदिया. मधुमेहाच्या आजोबांनी रोजा सोडला तर कुणी नाव ठेवत नाही. अठरा वर्षांच्या मुलीने सोडला तर मात्र "तिला काय झालंय?" असं विचारलं जातं, कारण तिचा आजार रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेला नसतो. मानसिक आजारांत मृत्यूचं प्रमाण सर्वाधिक असलेल्यांपैकी ॲनोरेक्सिया एक आहे. तो आजार नव्हे तर काय? कजाचे रोजेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. ईदनंतर लगेच ते सुरू झाले तर महिनाभराची मेहनत आठवड्यात जाते.

प्रेषितांचे साथी सलमान फारसी एकदा अबू दरदा यांच्या घरी गेले. अबू दरदा दिवसा ऐच्छिक रोजे आणि रात्री नमाज यांत इतके बुडाले होते की घराकडे लक्षच नव्हतं. सलमान यांनी जेवण पुढे आल्यावर सांगितलं, तुम्ही जेवाल तेव्हाच मी जेवेन. अबू दरदा यांनी तो रोजा सोडला आणि जेवले. सलमान यांनी त्यांना बजावलं की रबचा हक्क आहे तसा शरीराचा आणि घरच्यांचाही आहे. प्रेषितांपर्यंत गोष्ट गेली तेव्हा त्यांनी सलमान यांचं म्हणणं बरोबर ठरवलं. यात सलमान यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी व्याख्यान आधी दिलं नाही, सोबत जेवायला बसले.

तसंच इब्न सीना यांचं. बाराव्या शतकातल्या 'चहार मकाला' या फारसी ग्रंथात एक हकिकत आहे. एका राजपुत्राला आपण गाय आहोत असा भ्रम झाला होता. तो हंबरायचा, मला कापा म्हणायचा आणि अन्नाला शिवत नव्हता. इब्न सीना खाटकाच्या वेशात सुरी घेऊन गेले, त्याच्या बरगड्या चाचपल्या आणि म्हणाले, ही गाय फारच वाळलेली आहे, आधी हिला चारा घाला, मग कापू. राजपुत्र खाऊ लागला, त्याच अन्नातून औषध गेलं आणि तो बरा झाला. गोष्ट घडली तशीच असेल असं नाही. पण हजार वर्षांपूर्वीच्या हकिमाने रुग्णाशी वाद घातला नाही आणि अन्न आधी सुरू केलं, एवढं त्यातून घेता येतं.

हसनाबादहून पहिली पायरी म्हणजे जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा विश्वासातले डॉक्टर. नाडी, रक्तदाब, वजन, रक्तातले क्षार आणि ईसीजी, एवढं झालं तरी धोका किती हे कळतं. पुढे जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरला मानसोपचारतज्ज्ञ आणि पोटाचे डॉक्टर दोघांनी मिळून पाहावं. आहारतज्ज्ञ मिळाले तर उत्तम. जाताना पोटाच्या तक्रारींबरोबर पाळी कधीपासून नाही, वजन किती उतरलं, कोणत्या गोळ्या लपून घेतल्या जातात, हेही लिहून न्यावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि फोन फक्त मुलींसाठी नाही. जिमला जाऊन "कट" करण्याच्या नादात जेवण सोडलेली पोरंही याच रांगेत आहेत, फक्त त्यांच्याकडे कुणी पाहत नाही.

ईदच्या दिवशी पाहुणे येतील. शीरखुर्म्याचा वाडगा पुढे येईल आणि कुणीतरी म्हणेलच, "किती वाळलीस गं!" दोन महिन्यांनी हीच मुलगी थोडी सावरलेली दिसली की दुसरं कुणी म्हणेल, "आता तब्येत सुधारली." दुसरं वाक्य प्रेमाचं असतं, पण तिला ते "जाड झालीस" असंच ऐकू येतं. शरीराबद्दल काहीच न बोलता परीक्षा कशी गेली, मेंदी कुणी काढली, असं काही विचारता येतं. वाडगा अर्धा भरून द्यावा. तो संपवायला तिला वीस मिनिटं लागली तरी तिच्या वाडग्याकडे कुणी पाहू नये, आणि घरातलं एखादं माणूस तोवर आपला वाडगा हातात घेऊन तिच्या शेजारी बसून राहावं.